वृद्धाश्रमात रमजान, ईद आणि रोजची नमाज: ड्युटी, औषधं, स्वयंपाक कसा बसवायचा?

खाडीकाठ (चिपळूण)

नमस्कार मंडळी. आमच्या वृद्धाश्रमात 26 आजी-आजोबा आहेत, त्यांतले सात मुस्लिम. काळजीवाहक, आया आणि स्वयंपाकघर धरून 14 जणांचा स्टाफ, त्यांतले पाच मुस्लिम. तिघं खाडीपट्ट्यातल्याच गावांतले, दोघं उत्तर प्रदेशातून आलेले. रमजानच्या आधी सगळं नीट बसवायचं आहे, म्हणून विचारतोय.

एक, दुपारी दोन ते आठच्या पाळीत इफ्तार येतो, तेव्हा वॉर्ड कोण बघणार? दोन, शुगरची औषधं चालू असलेले दोन आजोबा रोजा धरणारच म्हणतात. तीन, अंथरुणाला खिळलेल्या एका आजींना पाच वेळची नमाज पढायची आहे, वजूचं (नमाजीआधी हात-तोंड-पाय धुण्याचं) कसं करायचं? त्या सिस्टरकडून बीपी बघून घेतात, पण ब्रदर (पुरुष नर्स) गेले की हात मागे घेतात. नाराजी आहे की धर्माचं काही आहे, तेच कळत नाही. चार, स्वयंपाकघरात काय वेगळं ठेवायचं? आणि ईदची रजा आधी कशी लावायची, तारीखच नक्की नसते.

"सगळे धर्म सारखेच" असली उत्तरं नकोत. उद्या सकाळी करता येईल असं सांगा.

रातपाळी (रत्नागिरी)

आजींच्या हाताचं आधी सांगते, कारण यात गैरसमज फार होतात.

आपल्या किनारपट्टीचे कोकणी मुसलमान बहुतेक शाफई आहेत. उत्तर प्रदेशातले बहुधा हनफी. या सुन्नी मुसलमानांच्या धर्मनियमांच्या दोन परंपरा. श्रद्धा एकच, पण रोजच्या नियमांत फरक आहेत आणि ते थेट आपल्या कामात येतात. शाफई नियमाप्रमाणे परक्या स्त्री-पुरुषांच्या त्वचेला त्वचा लागली की वजू तुटतो. हनफींमध्ये नुसत्या स्पर्शाने तुटत नाही. म्हणजे आजी वजू करून नमाजीची वाट बघत असतील आणि तेवढ्यात ब्रदरनी मनगट धरलं, तर त्यांना सगळं परत करावं लागतं. पलंगावरच्या माणसासाठी ती अर्ध्या तासाची दगदग आहे. आजींची नाराजी असेलच असं नाही. उपाय सोपा: बीपी, शुगर, इंजेक्शन, ड्रेसिंग वजूच्या आधी उरका. मध्येच लागलं तर हातमोजे घाला. मध्ये मोजा असला की वजू तुटत नाही, आणि बीपीचा पट्टा पातळ बाहीवरून बांधता येतो. उपचारासाठी स्पर्श करायला धर्माची आडकाठी नाही, प्रश्न फक्त वजूचा आहे. अंघोळ आणि डायपर मात्र शक्य तिथे बाईनेच बाईचं करावं.

रक्त काढण्याचं उलटं आहे. सुई टोचून रक्त काढलं तर शाफईंचा वजू राहतो, हनफींचा रक्त वाहिलं की तुटतो. दोघांना एकच नियम लावायला गेलात तर एकाचं चुकणारच.

आता पलंगावरचा वजू. एक लिटरचा तांब्या, पसरट टब, खाली रबरी चादर, दोन नॅपकिन. पाणी कोमट. मनगटापर्यंत हात, चूळ, नाकात पाणी, चेहरा, कोपरापर्यंत हात (आधी उजवा), ओल्या हाताने डोकं आणि कान, शेवटी घोट्यापर्यंत पाय, उजवा आधी. धुण्याचं बहुतेक तीनदा करतात, पण एकदा नीट भिजलं तरी वजू होतो, म्हणून थकलेल्या माणसाला एकदाच करा. जे चालते आहेत त्यांना मोरीत नळाखाली बुटक्या स्टुलावर बसवा. बेसिनमध्ये पाय वर घेऊन धुताना म्हातारी माणसं पडतात. जिथे जिथे वजू होतो तिथे रबरी मॅट आणि भिंतीला धरायला दांडा हवाच.

पाणी चालत नसेल, जखम असेल किंवा सलाईन लावलेला हात असेल, तर तयम्मुम, म्हणजे पाण्याऐवजी कोरड्या मातीने करायची शुद्धी. शाफईंना त्यासाठी धूळ लागेल अशी खरी माती हवी, नुसत्या भिंतीवर हात फिरवून भागत नाही. आपल्याकडे जांभ्याची लाल माती आहेच. एप्रिल-मेमध्ये कोरडी माती वस्त्रगाळ करून बरणीत भरून ठेवा, पावसाळ्यात कोरडी माती शोधून सापडत नाही. नमाजीच्या वेळी पसरट ताटलीत बोटभर थर. एकदा दोन्ही तळवे टेकवून चेहऱ्यावरून, पुन्हा टेकवून कोपरापर्यंत हातांवरून. ताटली प्रत्येकाची वेगळी, नाव लिहून. जखमेजवळ ती माती जाऊ देऊ नका. सलाईनच्या सुईवरची पट्टी आणि ड्रेसिंगचं काय करायचं ते इमामांना एकदा विचारून केसपेपरवर लिहून ठेवा.

किबला, म्हणजे नमाजीत तोंड करायची मक्केची दिशा, आपल्याकडून पश्चिमेला, थोडा उत्तरेकडे झुकलेला, साधारण 13 अंश. समुद्राकडे तोंड म्हटलं की ढोबळ मानाने बरोबर येतं, पण खाडीकाठच्या इमारतीत "समुद्राकडे" म्हणजे कुठे तेच चुकतं. फोनच्या होकायंत्राने एकदा बघा आणि खोलीच्या भिंतीवर लहानसा बाण चिकटवा. पलंग फिरवायची गरज सहसा नसते. उभं राहता येत नसेल तर बसून, बसता येत नसेल तर उजव्या कुशीवर किबल्याकडे तोंड करून, तेही जमत नसेल तर उताणं, पाय किबल्याकडे आणि डोक्याखाली उशी उंच, मानेच्या इशाऱ्याने. पाय तिकडे झाले म्हणून पलंग ओढून फिरवणारे लोक आहेत. या स्थितीत पाय किबल्याकडे असले तरी चालतं.

कॅथेटर असलेल्यांना लघवी थांबवता येत नाही, म्हणून त्यांनी नमाजीची वेळ झाल्यावर वजू करायचा आणि लगेच पढायचं. वेळेच्या आधी करून ठेवला तर उपयोग नाही. डायपर असेल तर नमाजीच्या दहा मिनिटं आधी बदला, आणि नुसत्या वाइपने न पुसता पाण्याने धुवा. ही त्यांच्यासाठी पाकीची, म्हणजे धार्मिक शुद्धतेची, बाब आहे.

दवाखाना_दापोली

शुगरच्या आजोबांबद्दल. रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी त्यांना डॉक्टरांकडे न्या. गोळ्यांच्या वेळा आणि मात्रा डॉक्टरच बदलतील, तुम्ही किंवा सिस्टरनी अंदाजाने काही पुढे-मागे करू नका. मेटफॉर्मिनवर असलेल्याला धोका कमी. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड किंवा इन्सुलिन असेल तर दुपारनंतर शुगर एकदम खाली जाऊ शकते. किडनी बिघडलेली, हल्लीच शुगर उतरून बेशुद्ध झालेला, किंवा एकटा राहणारा माणूस असेल तर डॉक्टर रोजा नको म्हणतील. तसं स्पष्ट लेखी घ्या.

धरलाच तर शुगर या वेळांना बघा: सहरीच्या (पहाटेच्या जेवणाच्या) आधी, सकाळी दहा-अकरा, दुपारी तीन-चार, इफ्तारच्या जरा आधी, इफ्तारनंतर दोन तासांनी. शेवटचे दोन-तीन तास सगळ्यात जोखमीचे. 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली की रोजा तिथेच सोडायचा. घाम, थरथर, बरळणं सुरू झालं तर मशीन शोधत बसू नका, आधी साखरपाणी द्या. "फक्त अर्धा तास राहिलाय" म्हणून थांबवून ठेवणं ही सगळ्यात जास्त घडणारी आणि सगळ्यात महागात पडणारी चूक. बोटाला टोचून शुगर बघितली तर रोजा तुटत नाही, हे आजोबांना इमामांच्या तोंडून ऐकवा. पुष्कळ जण केवळ या भीतीने तपासणी टाळतात.

आजारी माणसाला रोजा न धरायची सूट कुराणातच आहे (सूरा 2, आयत 184-185). बरा होणारा आजार असेल तर पुढे भरून काढायचा, म्हणजे कजा. कायमचा आजार किंवा थकलेलं वय असेल तर फिद्या: दर दिवसाला एका गरिबाचं धान्य. शाफईंमध्ये हे माप एक मुद्द, आजच्या हिशोबात सुमारे 600 ते 750 ग्रॅम तांदूळ. महिनाभराचे 18 ते 23 किलो होतात. आजोबांना "तुम्ही रोजा धरू नका" एवढंच म्हटलं तर ते ऐकणार नाहीत. त्यांच्या नावाची तांदळाची गोणी भरून, ती त्यांच्या हाताने जमातीकडे (गावच्या मुस्लिम समाजाकडे) द्यायची व्यवस्था करा. फर्ज (धर्माने बंधनकारक कर्तव्य) राहून गेल्याची खंत त्याने बरीच हलकी होते.

डिमेन्शियाच्या आजी जेवण झाल्यावर "माझा रोजा आहे" म्हणत असतील तर वाद घालू नका. भान हरपलेल्यावर रोजा फर्ज नाही, आणि विसरून खाल्लं तर तसाही तुटत नाही.

डोळ्यांत थेंब घातल्याने शाफईंचा रोजा तुटत नाही. कानात थेंब आणि गुदद्वारातून दिलेली गोळी, म्हणजे सपोझिटरी, यांनी तुटतो. तब्येतीला लागत असेल तर वेळ बदलून रात्री द्या. सलाईन आणि इन्हेलरबद्दल आलिमांत (धर्मपंडितांत) मतं वेगळी आहेत. ज्याला इन्हेलर लागतो त्याने तो घ्यायचा, धर्माचा नियम नंतर विचारायचा.

चूल_आणि_चमचा (गुहागर)

स्वयंपाकघरात वेगळ्या चुलीची गरज नाही. शाकाहारी जेवण सगळ्यांना चालतं. मटण-चिकन हलाल आणायचं, आणि दुकान एकदा ठरवून टाकायचं म्हणजे रोज प्रश्न येत नाही. जिलेटिनकडे लक्ष द्या: जेलीची पाकिटं, काही कॅप्सूल. खीर-पुडिंग घट्ट करायचं तर चायना ग्रास वापरा, ते समुद्री शेवाळापासून होतं, कुणालाच अडचण नाही.

आपल्याकडच्या मासळीची एक गंमतशीर गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. कोकणी शाफई मंडळी कुर्ल्या, तिसऱ्या, कालवं, माकुल सगळं आवडीने खातात. हनफी मात्र मासे सोडून समुद्रातलं बाकी काही खात नाहीत, कोळंबीबद्दल त्यांच्यातच दोन मतं आहेत. तुमचे ते दोघं कुर्ल्यांच्या दिवशी नुसता भात खाऊन उठत असतील तर कारण हे आहे. लाजेने सांगत नाहीत. त्या दिवशी बांगडा किंवा अंडं ठेवा.

सहरीला भाकरी, वरण, अंडं, दही, केळं. तांदळाची पेज थर्मासमध्ये रात्रीच भरून ठेवली तर रातपाळीवाल्यांना परत चूल पेटवावी लागत नाही. फेब्रुवारीच्या शेवटी रत्नागिरी-चिपळूण भागात सहरी साधारण 5 वाजून 40 मिनिटांच्या आसपास बंद होते, म्हणून पावणेपाचला ताट समोर हवं. नेमकी वेळ गावच्या मशिदीच्या तक्त्यावरूनच घ्या. सुकट, जवळा, पापड, लोणचं सहरीला अजिबात नको. दहा वाजेपर्यंत घसा कोरडा पडतो आणि उरलेला दिवस हाल.

इफ्तारला खजूर आणि पाणी, मग फळं, पंधरा-वीस मिनिटांनी जेवण. शुगरवाल्यांना एक-दोनच खजूर. भजी एकदम रिकाम्या पोटी नकोत, रात्री छातीत जळजळ होते आणि सिस्टरची धावपळ वाढते.

ईदचा शीरखुर्मा 26 माणसांना: तीन लिटर दूध, 150 ते 180 ग्रॅम बारीक शेवया, पाव किलो खारीक, चारोळी-काजू-बदाम मिळून पाव किलो, साजूक तूप चार चमचे. खारीक रात्रभर भिजवा, नाहीतर कवळीवाल्यांना चावत नाही. शेवया जास्त पडल्या की तासाभरात भांड्यात गोळा होतो. मनुका धुऊन, तुपात परतून, दूध उतरवल्यावर घाला. आंबट मनुका उकळत्या दुधात पडली तर दूध फाटतं. शुगरवाल्यांचं साखर घालायच्या आधी काढून ठेवा. आणि ज्यांना गिळायला त्रास आहे त्यांच्या वाटीत सुक्या मेव्याचा एकही तुकडा जाऊ देऊ नका, पूड करून घाला. सणाच्या दिवशी गडबडीत ठसका लागतो तो यानेच.

श्रीवर्धनकर

आता ड्युटी. फेब्रुवारीअखेर आपल्याकडे सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो, रोजा अंदाजे 13 तासांचा. दुपारच्या पाळीतल्या रोजेदाराला अजानच्या क्षणी नाही, दहा मिनिटं आधी मोकळं करा आणि अर्धा तास द्या. खजूर-पाणी, वजू, मगरिब (सूर्यास्ताची नमाज). मगरिबची वेळ लहान असते, ती पुढे ढकलता येत नाही. त्या अर्ध्या तासात औषधवाटप ठेवू नका. सव्वासहाला उरकून घ्या.

जोहर (दुपारची), असर (संध्याकाळच्या आधीची), इशा (रात्रीची) यांना सवड जास्त असते. असरची गंमत अशी की शाफईंची वेळ त्या दिवसांत सव्वाचारच्या आसपास सुरू होते आणि हनफींची पाचच्या सुमारास. म्हणजे तुमचे खाडीपट्ट्यातले आधी जाऊन येतील, मग उत्तर प्रदेशातले, आणि वॉर्ड एका मिनिटासाठीही रिकामा पडणार नाही. शुक्रवारच्या जुम्याला पुरुषांना मशिदीत जाणं फर्ज आहे. दुपारी एक ते दोनमध्ये तिथे जाण्या-येण्याचा वेळ धरून सोडा. तरावीह (रमजानातली रात्रीची जादा नमाज) मात्र सुन्नत आहे, म्हणजे चांगली पण बंधनकारक नाही, इशानंतर तासभर चालते. ज्याला हवी त्याला सकाळची पाळी द्या. जमलं नाही तर तो घरी पढू शकतो.

ईदची रजा दोन दिवसांची कोरी ठेवा. हिजरी महिना 29 किंवा 30 चा, चंद्र दिसल्यावर ठरतो. साल 354-355 दिवसांचं, म्हणून सण दरवर्षी 10-11 दिवस मागे येतो. 2024 मध्ये रमजान ईद 11 एप्रिलला होती, 2025 मध्ये 31 मार्चला. 29 च्या संध्याकाळी "चंद्र दिसला तर हे चौघं, नाही दिसला तर ते चौघं" असे दोन तक्ते तयार असू द्या. आखातातल्या नातेवाइकांचा फोन आदल्या दिवशीच येतो, त्यावर रजा बदलू नका, आपल्या मोहल्ल्याच्या जमातीने जाहीर केलेला दिवस धरा. ईदच्या सकाळची नमाज महत्त्वाची. कुणाला पूर्ण रजा देता आली नाही तर निदान दुपारी बारानंतरची पाळी द्या.

अदलाबदलीचं सगळ्यांना पटतं: ईदला हिंदू कर्मचारी, गणपती-शिमग्याला मुस्लिम कर्मचारी. पण कॅलेंडर आधी बघा. 2023 मध्ये ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी, 28 सप्टेंबरला आली. 2024 आणि 2025 मध्येही एकेका दिवसाच्या अंतराने. 2025 ची धुळवड 14 मार्चला, शुक्रवारी, भर रमजानात होती. अशा वर्षी बाहेरून बदली माणसं लावायला हवीत, आणि तेही महिनाभर आधी.

महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा तुम्हाला लागू असेल तर वर्षाला आठ पगारी सणाच्या सुट्ट्या आहेत. चार ठरलेल्या (26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर), चार वर्ष सुरू होण्याआधी कर्मचाऱ्यांशी बोलून ठरवायच्या. त्या बोलण्यातच ईदचा विषय काढा. त्या दिवशी कामावर ठेवलं तर दुप्पट पगार आणि बदली सुट्टी.

एक लहानशी बाब. मोहरमच्या दहा तारखेला "शुभेच्छा" देऊ नका, तो करबलाच्या शहादतीचा दिवस आहे. पुष्कळ सुन्नी 9 आणि 10 ला रोजा धरतात. ईद मुबारक मात्र मनापासून म्हणा.

खाडीकाठ (चिपळूण)

खूप आभार. हातमोज्यांचं उद्यापासूनच सुरू करतो, आणि कुर्ल्यांचं अगदी बरोबर निघालं, आज विचारलं. दोन शंका राहिल्या. कुणी शेवटच्या घटकेला असेल तर घरचे येईपर्यंत आम्ही काय करायचं? आणि बकरी ईदच्या आधी एक आजोबा नखं कापू देत नाहीत, मागे लागायचं की सोडायचं?

रातपाळी (रत्नागिरी)

शेवटच्या घटकेला उजव्या कुशीवर किबल्याकडे वळवा, श्वासाला त्रास होत असेल तर उताणं, डोकं उंच. जवळ कोणी मुस्लिम कर्मचारी असेल तर त्याने कानाशी हळू आवाजात कलमा (श्रद्धेचं वचन) म्हणावा, म्हणायची सक्ती करू नये. गेल्यावर डोळे मिटवा, जबडा कापडाने हलका बांधा, हातपाय सरळ करा, चादर घाला. अंघोळ तुम्ही घालू नका. गुसल त्यांची माणसं घालतील, बाईला बाया, पुरुषाला पुरुष. नळ्या-सुया काढताना मोजे घाला. दफन लवकर करायची पद्धत आहे, म्हणून मृत्यूच्या कारणाचा दाखला देणाऱ्या डॉक्टरांचा आणि जमातीच्या माणसाचा नंबर आधीपासून फाइलला लावलेला असू द्या. दाखल्यासाठी रात्रभर ताटकळणं त्या कुटुंबाला फार लागतं.

नखांचं: ज्याच्या नावाने कुर्बानी आहे त्याने जिल्हिजचा (बकरी ईदच्या महिन्याचा) चंद्र दिसल्यापासून जनावर कापलं जाईपर्यंत केस-नखं न काढणं सुन्नत आहे. बाकीच्यांना नाही. कुर्बानी शाफईंची चार दिवस चालते, 10 ते 13 तारखेपर्यंत, म्हणजे लांबलं तर नखं दोन आठवड्यांची होतात. खाजवून चामडी सोलते. तेव्हा मागे लागू नका. आधीच्या महिन्याच्या, जिल्कादच्या, 28 तारखेला सगळ्यांची हातापायांची नखं, दाढी, केस उरकून टाका आणि कॅलेंडरवर तशी खूण करा. कुर्बानी करणाऱ्या कर्मचाऱ्यांनाही त्याच दिवशी आठवण करा, कारण ड्रेसिंग करणाऱ्याची नखं वाढून चालत नाहीत. मध्येच नख तुटलं, बोटात रुतलं, तर कापायला हरकत नाही, एवढं आजोबांना सांगा. आणि कुर्बानी झाल्याचा घरून फोन आला की त्याच दुपारी नेलकटर घेऊन जा.